मिस्टर विल्मट यांची सुट्टी

मिस्टर विल्मट,

तुम्हाला मराठी येत नव्हतं ते एका परीने बरंच झालं. तुमच्याशी इंग्रजीत बोलायचं म्हणजे मला तोंडी परीक्षेला बसल्यासारखं वाटायचं. माझं वाक्य अर्ध्यावर आलं की तुमची डावी भुवई जराशी वर जायची आणि मला कळायचं, कुठेतरी काहीतरी चुकलंय. तुम्ही कधी दुरुस्त केलं नाहीत, तेवढं सौजन्य तुमच्यात होतं. पण ती भुवई! आज ती समोर नाही, तेव्हा मी माझ्या भाषेत, मला हवं तसं बोलणार आहे. तुम्ही ऐकून घ्या. तसंही ऐकून घेणं हाच तुमचा व्यवसाय होता.

तुम्ही गेल्याला महिना होत आला. आपल्या गल्लीत तसं काही बदललेलं नाही. जाळायच्या कचऱ्याचे वार तेच, प्लास्टिकचा वार तोच, संध्याकाळी पाचला नगरपालिकेच्या भोंग्यावर वाजणारं गाणंही तेच. फक्त कचऱ्याच्या जागेवरची निळी जाळी आता कोणी चारही कोपऱ्यांना विटा ठेवून दाबत नाही, आणि टोकियोजवळच्या या इचिकावातल्या कावळ्यांना ही बातमी लागलेली दिसते. परवा त्यांनी कोणाची तरी पिशवी ओढून भर रस्त्यात पसरली होती. मी ती गोळा करत होते आणि गोळा करता करता रडत होते. समोरच्या बाईंना वाटलं मला वास सहन होत नाहीये. त्यांनी आतून मास्क आणून दिला.

आपली ओळखही त्याच जागेवरची. प्रशांतला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, त्याच्या मुंबईच्या ट्रेडिंग कंपनीने इथे पाठवलं होतं. ईशा लहान होती आणि मला जपानी म्हणून जेमतेम नमस्कार-चमत्कार येत होते. मी मुंबईच्या सवयीने सगळा कचरा एका पिशवीत कोंबून ठेवून आले. तासाभरात दारावरची बेल वाजली. दारात तुम्ही. काळा कोट, करडा वेस्टकोट, टाय, पांढरे हातमोजे, आणि त्या हातमोज्यांत माझी कचऱ्याची पिशवी.

"गुड मॉर्निंग, मॅडम. तुमची पिशवी परत आली आहे."

कोणी पाहुणे आले आहेत असं सांगावं तसा आवाज. मी लाजेने अर्धी झाले. रात्री डोंबिवलीला आईला फोन करून सांगितलं, तर तिला पिशवीचं काही वाटलंच नाही. ती म्हणाली, "इंग्रज? आणि नोकर? जपानी बाईकडे? अगं, तू नीट विचारलंस का, तोच मालक असेल." पुढे कितीतरी वर्षं फोनवर ती तुमची चौकशी "तुझा तो साहेब कसा आहे" अशीच करायची. गोरा माणूस साहेब नसतो, हे तिच्या गळी मी शेवटपर्यंत उतरवू शकले नाही.

तुमच्या मालकीणबाईंना तुम्ही मॅडम म्हणायचात, म्हणून मीही मॅडम म्हणू लागले. त्यांचे यजमान लंडनला कंपनीचे मोठे अधिकारी होते. तिथून परतताना त्यांनी तुम्हाला बटलर म्हणून बरोबर आणलं, इथलं घर मार्गी लागेपर्यंत. घर मार्गी लागलं, यजमान गेले, मॅडमचे केस पांढरे झाले, तुमचे तर उरलेच नाहीत, आणि तुम्ही तिथेच. हे मला मॅडमनी सांगितलं. तुम्हाला स्वतःबद्दल विचारलं की तुम्ही हवामानावर जायचात.

आपलं पटलं कसं याचं मला अजून नवल वाटतं. आमच्याकडे मोडक्यातोडक्या इंग्रजीला बटलर इंग्लिश म्हणतात, हे मी एकदा तुम्हाला हौसेने सांगितलं, तर तुम्ही आठवडाभर माझ्याशी फक्त पावसाबद्दल बोललात. मी चहा उकळते, त्यात दूध आणि आलं घालते, हे तुम्हाला चहाचा छळ वाटायचा. "पण त्याने काय गुन्हा केलाय, मिसेस सुर्वे?" असं पातेल्यात बघून विचारायचात. आणि मग दोन कप प्यायचात. थालीपीठ काट्या-सुरीने खायचात. पोह्यातला कढीपत्ता बशीच्या कडेला एका रांगेत मांडून ठेवायचात.

हे सगळं उभ्याने. माझ्या स्वयंपाकघराच्या ओट्याशी, पाठ ताठ, एका हातात बशी. मी दर वेळी म्हणायचे, "बसा ना." तुम्ही दर वेळी म्हणायचात, "मी ठीक आहे." मी समजावून पाहिलं, चिडून पाहिलं. आमच्यात उभ्या उभ्या येऊन जाणाऱ्या माणसावर यजमानीण रुसते, हे सांगितलं. तुम्ही म्हणालात, घरातल्या बाई काम करत उभ्या असताना आपण बसायचं, हे तुमच्या हाडांना जमत नाही. मग मी खुर्चीत बसून दाखवलं. तरी तुम्ही उभेच! ईशा हसून हसून लोळली होती. तिला मात्र तुम्ही कधी काही बोलला नाहीत, एकदा सोडून. तिने भज्याचा तुकडा तिच्या चॉपस्टिकमधून माझ्या चॉपस्टिकमध्ये दिला, तेव्हा तुम्ही नावाला इथला आदराचा 'सान' जोडून हलकेच म्हणालात, "ईशा-सान, या देशात असं जेवताना करत नाहीत. ते दुसऱ्या वेळचं आहे." तिला माहीत होतं, शाळेत शिकवलं होतं. मला माहीत नव्हतं.

पण आपला खरा वाद सुट्टीचा. तो अजून संपलेला नाही, मिस्टर विल्मट.

मॅडमनी हट्टच धरला होता की विल्मट-सानने एकदा तरी सुट्टी घ्यावी. इतक्या वर्षांत तुम्ही त्या घराबाहेर रात्र काढली नव्हती. तुम्हाला आधी वाटलं, ही कामावरून काढायची गोड तयारी आहे. मग एक दिवस ओट्याशी उभे राहून मला विचारलंत, "मिसेस सुर्वे, माणूस सुट्टीवर गेला की नेमकं काय करतो?"

"काही करत नाही," मी म्हटलं. "दुसरे करतात, तो बसून खातो."

मी काहीतरी अचकट बोलल्यासारखा चेहरा केलात तुम्ही. पण विचार करायला लागलात. मॅडमकडे पूर्वी पाहुण्या आलेल्या एक बाई उत्तरेकडे सेंदाईच्या पुढे, समुद्रकाठी, एक लहानसं जुन्या पद्धतीचं हॉटेल चालवायच्या. त्यांनी तुम्हाला म्हटलं होतं, तुम्ही माझी इतकी सरबराई केलीत, आता एकदा माझ्याकडे या, तुम्हाला इकडची काडी तिकडे करू देणार नाही. तिथे जायचं ठरलं. एप्रिलमधले दिवस ठरले. तुम्ही एक टोपी विकत घेतलीत, तपकिरी, लोकरीची, चौकड्यांची. मला दाखवायला आणलीत. घालून दाखवा म्हटलं, तर म्हणालात, "ती सुट्टीची आहे."

मग मार्च आला.

त्या दुपारी जमीन हलली आणि थांबेचना. मी ईशाला शाळेतून घेऊन आले तेव्हा सगळी गल्ली पार्कात जमली होती. मधोमध जेवणघरातली उंच पाठीची खुर्ची, तिच्यात मॅडम, गुडघ्यांवर ब्लँकेट, आणि खुर्चीमागे तुम्ही. विजेच्या तारा झोके घेत होत्या. गाड्या बंद, म्हणजे प्रशांत टोकियोच्या ऑफिसमधून चालत निघाला असणार, आणि त्याचा फोन लागत नव्हता. तुम्ही जरा पुढे वाकलात आणि विचारलंत, "मिसेस सुर्वे, मिस्टर सुर्वेंचे बूट चांगले आहेत का?"

मी चक्रावले. "आहेत. का?"

"मग ते पोचतील."

काय ते सांत्वन! पण मला त्याने धीर आला, अगदी खरा आला. प्रशांत उशिरा पोचला, लंगडत, पण पोचला. तोपर्यंत तुम्ही त्या खुर्चीमागून हलला नव्हता.

समुद्रकाठचं ते हॉटेल त्सुनामीत वाहून गेलं. बाई टेकडीवर पळाल्या म्हणून वाचल्या. हे तुम्हाला फार नंतर कळलं, आणि कळल्यावर तुम्ही टोपी कुठेतरी आत ठेवून दिलीत. पुढच्या आठवड्यांत दुकानं रिकामी, वीज जायची, अणुभट्टी बिघडल्यापासून पाण्याबद्दल रोज नव्या अफवा. कंपनीने सगळ्या बायका-मुलांना मुंबईला पाठवायचं ठरवलं. तुमच्या वकिलातीनेही तुमच्या लोकांना निघा म्हणून कळवलं होतं. मी निरोप घ्यायला आले तेव्हा कळवळून म्हटलं, "तुम्हीही जा ना घरी."

तुम्ही विचारलंत, "कुठे?"

तुम्ही खरंच विचारत होता. मी तुमच्या हातात कढीपत्त्याची कुंडी दिली आणि विमानतळावर गेले. दोन-अडीच महिन्यांनी परत आले तर कुंडीतलं झाड हातभर वाढलेलं, आणि एकेक पान ओल्या फडक्याने पुसून चकचकीत केलेलं. चांदीच्या चमच्यांसारखा कढीपत्ता मी जन्मात पाहिला नव्हता. फोडणीत टाकायला हात होईना.

हॉटेल पुढे टेकडीवर पुन्हा उभं राहिलं. त्या बाई दर नव्या वर्षाला मॅडमना फोन करायच्या आणि तुम्हाला आठवण द्यायच्या. आणि तुम्ही दर शरदात सुट्टीचा विचार करायला घ्यायचात. विचार करण्यात तुमचा हात कोणी धरला नसता. या वर्षी मॅडमना खोकला आहे. या वर्षी पडदे धुवायला काढलेत. या वर्षी बागेतल्या काकीच्या झाडाला केशरी फळं फार धरलीत, पक्षी खातील. ईशा तोवर हायस्कूलला गेली होती, तिला मराठीत विचारलं तर निम्मं उत्तर जपानीत यायचं. ती म्हणाली, "ममा, विल्मट-सान ज़ेत्ताई जाणार नाहीत. ही डझन्ट नो हाऊ." ज़ेत्ताई म्हणजे काहीही झालं तरी. मी तिला गप्प केलं, पण मलाही तेच वाटत होतं.

मग प्रशांतची मुंबईला बदली झाली. ईशाचं शिक्षण इथेच व्हायचं, म्हणून मी मागे थांबायचं ठरलं. आणि आमच्या बाईसाहेबांना प्रवेश मिळाला सेंदाईच्या विद्यापीठात! म्हणजे जिच्यासाठी मी थांबले ती सेंदाईला, नवरा मुंबईला आणि मी इचिकावात. मी डिपार्टमेंट स्टोअरच्या तळघरात ब्रेडच्या काउंटरवर अर्धवेळ काम धरलं. घरी आलं की मी दिवा लावायच्या आधी टीव्ही लावायचे, कोणीतरी बोलावं म्हणून. कामावरून येताना तुमच्या स्वयंपाकघराची खिडकी उजळलेली दिसायची आणि मला हायसं वाटायचं. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. कोणत्या तोंडाने सांगणार, मी तर रोज तुम्हाला "जा, जा" म्हणत होते.

तुम्हीही काही कमी नव्हता. एकदा कप खाली ठेवत म्हणालात, "आणि मिसेस सुर्वे, तुमची सुट्टी? तुम्ही घरी शेवटच्या कधी गेला होता?"

"विषय बदलू नका."

"मी बदललेला नाही," तुम्ही म्हणालात.

आपण दोघंही एकमेकांना हाकलत होतो आणि दोघंही मनातून घाबरत होतो की दुसरा खरंच जाईल. निदान मी तरी घाबरत होते. तुमच्याविषयी मला नक्की सांगता येत नाही. तुमची भुवई बोलायची, चेहरा नाही.

आणि गेल्याच्या गेल्या वर्षी, शरदात, तुम्ही निघालात! मॅडमनी स्वतः दिवस ठरवला, हॉटेलच्या बाईंशी बोलल्या, चार दिवसांसाठी एक मदतनीस बाई बोलावली. सकाळी सगळी गल्ली दारात. तुम्ही टोपी घातली होती. एवढ्या वर्षांनी ती डब्यातून निघाली होती आणि अजून नवी होती. हातात लहान बॅग. तुम्ही म्हणालात, "इत्ते किमासु." जाऊन येतो. आमच्याकडेही तसंच म्हणतात, नुसतं जातो म्हणत नाहीत. गल्लीने एका सुरात "इत्ते रास्शाई" म्हटलं, म्हणजे जाऊन या. मॅडम दारात खुर्चीवर बसून हात हलवत होत्या. मी तुम्हाला सांगितलं होतं, ईशा सेंदाई स्टेशनवर घ्यायला येईल. तुम्ही म्हणालात, मुलीचा अभ्यास मोडू नका. मला ते बरोबरच वाटलं.

तिसऱ्या दिवशी माझी दुपारची पाळी होती. आमच्या तळघरात त्या आठवड्यात तोहोकूच्या, म्हणजे सेंदाईकडच्या भागातल्या, वस्तूंचं प्रदर्शन लागलं होतं, भूकंपाने पोळलेल्या भागाला मदत म्हणून भरवतात ते. लोणची, वाळवलेली मासळी, सेंदाईची मिठाई. मी पावांच्या ट्रेमागून मान वर केली, तर मिठाईच्या स्टॉलपुढे चौकड्यांची तपकिरी टोपी.

तुम्ही बोटांवर गल्लीतली घरं मोजत होता. समोरच्या बाई, कोपऱ्यावरचे आजोबा, दातांचे डॉक्टर, मी. विक्रेत्या मुलीने खोकी एकावर एक रचली. तुम्ही एक खोकं उचलून वरचं चित्र पाहिलंत, समुद्र आणि पाइनची झाडं असलेली बेटं. चष्मा पुसून पुन्हा पाहिलंत. बराच वेळ पाहिलंत.

मी खांबाआड झाले. हाक मारणं शक्यच नव्हतं. प्रवासाला गेलेल्या माणसाने परत येताना शेजाऱ्यापाजाऱ्यांना तिकडचा खाऊ आणायचा, हा इथला रिवाज. ओमियागे आणला नाही तर माणूस गेलाच नाही असं होतं. तुम्ही गेला नव्हता, तरी ओमियागे चोख होता. मला हसू येत होतं आणि रडू येत होतं, आणि गिऱ्हाईक विचारत होतं, हा पाव आजचा आहे का.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तुम्ही माझ्या दारात. दोन्ही हातांनी खोकं पुढे केलंत. मी आत बोलावलं, चहा टाकला. तुम्ही उभे राहून मला समुद्र सांगितलात. बेटं, त्यांच्यावर वाकलेले पाइन, होडीमागे येणारे पांढरे पक्षी. फार छान सांगितलात. मी विचारलं, "मग? बसून खाल्लंत ना?"

"बसूनच, मिसेस सुर्वे."

भुवई अजिबात हलली नाही. मी खोकं उघडलं, एक मिठाई तुम्हाला दिली, एक स्वतः घेतली. गोड होती. पोटभर कौतुक केलं. ईशाने फोनवर फुरंगटून विचारलं, "विल्मट-सान मला भेटले का नाहीत? मी स्टेशनच्या बाजूलाच राहते ना!" मी तिला सांगितलं, वेळ नव्हता गं त्यांना. म्हणजे तुमच्या खोट्यात मीही सामील झाले, आणि मला त्यात एक विचित्र आनंद वाटला. एवढ्या वर्षांत आपण दोघांनी मिळून केलेलं ते एकच काम.

या हिवाळ्यात तुमच्या छातीने दगा दिला. हॉस्पिटलमध्ये मी आत आले तर तुम्ही नळ्या-बिळ्यांसकट उठायला निघालात. मी खांदे धरून तुम्हाला मागे टेकवलं. पहिल्यांदाच मी तुम्हाला हात लावला. "आडवं राहून तुमचं स्वागत करतोय, माफ करा," तुम्ही म्हणालात. मी खुर्ची ओढून बसले. तुम्ही छताकडे बघत म्हणालात,

"मिसेस सुर्वे, ती सेंदाईची मिठाई..."

"छान होती," मी म्हटलं. "अगदी ताजी होती."

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि पुढे काही बोलला नाहीत. मी तुम्हाला वाचवलं की अडवलं, मला कळत नाही. रात्र रात्र मी याचा विचार करते. बोलला असता तर काय बोलला असता? की तुम्हाला जायचं नव्हतं? की जायचं होतं आणि जमलं नाही? दोन दिवसांनी तुम्ही गेलात, आणि तो प्रश्न माझ्याकडेच राहिला.

इंग्लंडमधला तुमचा भाचा फोनवर म्हणाला, तुम्हाला योग्य वाटेल ते करा. मग मॅडमनी मला बोलावलं. अस्थी वेचायला घरची माणसं लागतात, आणि घरचं माणूस म्हणून मॅडम आणि मी. लांब चॉपस्टिक, एक अस्थी दोघींनी मिळून उचलायची आणि कलशात ठेवायची. तुम्ही ईशाला म्हणाला होता ना, ते दुसऱ्या वेळचं आहे. ती ही वेळ. आम्ही काही सांडू दिलं नाही. तुम्हाला ते आवडलं नसतं.

घरी आल्यावर मॅडम म्हणाल्या, एकोणपन्नासाव्या दिवशी विल्मट-सान आमच्या घराण्याच्या समाधीत जातील, यजमानांशेजारी. इथे याहून मोठा मान नाही, हे मला कळत होतं. तरी माझं डोकं फिरलं. माझ्या तोडक्यामोडक्या जपानीत मी म्हटलं, "म्हणजे तिथेही नोकरीच? आता तरी त्यांना सुट्टी द्या!" वयाने आईएवढ्या बाईंशी असं बोलतात का? मी चपला अडकवून तरातरा घरी आले.

आठवडाभर आमचं बोलणं नव्हतं. मग त्यांचाच फोन आला. मी गेले. त्या तुमच्या स्वयंपाकघरात बसल्या होत्या, तिथे मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"विल्मट-सान गेले नव्हते, तुम्हाला माहीत आहे ना?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली.

"चारही दिवस सकाळी मागचं फाटक वाजायचं. मदतनीस बाई यायच्या आधी माझा चहाचा ट्रे लागलेला असायचा. या घरातली पावलं मी ओळखणार नाही का? स्टेशनजवळच्या हॉटेलात राहिले होते. मी डोळे मिटून पडून राहायचे. मिठाई आणली तेव्हा म्हटलं, फार छान, समुद्र कसा होता?"

समोरच्या बाईंनाही ठाऊक होतं म्हणे. त्यांनी तुम्हाला स्टेशनवर पाहिलं होतं. दातांच्या डॉक्टरांनाही. अख्ख्या गल्लीने ठाऊक असून ती मिठाई खाल्ली, आणि तुमची पाठ वळल्यावरही कोणी एक शब्द काढला नाही. मिस्टर विल्मट, तुम्हाला एकटं वाटायचं का हो इथे? मला वाटायचं. आता वाटतं, आपण दोघं जरा मूर्खच होतो.

मग मी मॅडमना विचारलं, समाधीत ठेवायचे तेव्हा ठेवा, पण त्याआधी मी त्यांना चार दिवस समुद्रावर नेऊन आणू का? मला वाटलं, आता कायमचं बिनसलं. त्यांनी टेबलावर हात टेकून उभं राहायला सुरुवात केली. मी हात पुढे केला तर नको म्हणाल्या. आत गेल्या आणि टोपी घेऊन आल्या.

"तिकडे वारा असतो," त्या म्हणाल्या.

हॉटेलच्या बाईंना मी फोन केला. त्यांनी सांगितलं, त्या शरदातल्या सकाळी तुम्ही सेंदाईच्या वाटेवरच्या, टोकियोतल्याच उएनो स्टेशनच्या प्लॅटफॉर्मवरून फोन केला होता. घरच्या मॅडमना बरं नाही म्हणालात, आणि किती वेळ माफी मागत राहिलात. मागे गाडीची घोषणा ऐकू येत होती. मग त्यांनी विचारलं, "आता किती जण येणार?" मी म्हटलं, दोघं. प्रशांतचा फोन आला तो वेगळाच. "तू काय वेडी आहेस का? अस्थी घेऊन बुलेट ट्रेनने? हे ऑफिशियली अलाउड तरी आहे का?" मी म्हटलं, आहे, विचारलंय. मग म्हणाला, "बरं, जपून जा. आणि नंतर इकडे कधी येतेस?" मी म्हटलं, परत आल्यावर बोलू. तुमची भुवई आठवली, पण या वेळी मी विषय बदलला नाही, मिस्टर विल्मट. खरंच बोलणार आहे.

आज सकाळी मी तुम्हाला घ्यायला आले. पांढऱ्या कापडात बांधलेली कलशाची पेटी मॅडमनी स्वतः माझ्या हातात दिली. गल्ली उभी होती. मी तुमच्या वतीने "इत्ते किमासु" म्हटलं आणि सगळ्यांनी "इत्ते रास्शाई" म्हटलं. मी दहा पावलं गेले असेन, तोच मॅडमनी मागून हाक मारली. त्या खुर्चीतून उठून फाटकाला धरून उभ्या होत्या.

"सुर्वे-सान! या वेळी ओमियागे नको म्हणावं त्यांना."

हे सगळं मी गाडीत लिहितेय. माझ्या शेजारची खिडकीची जागा तुमची आहे. पेटी सीटवर आहे, बॅगेच्या पट्ट्याने नीट आवळली आहे, वर टोपी. घरून थर्मास आणलाय. चहा उकळलेला आहे, दुधाचा, आल्याचा, तुमचं काही चालणार नाही. मी दोन कप भरले, एक तुमच्यापुढे ठेवला. उएनो आलं. मी पेटीवर हात ठेवून बसले, काय सांगावं तुमचं. दारं उघडली, माणसं चढली, माणसं उतरली, घोषणा झाली, दारं मिटली. गाडी हलली आणि कपातला चहा जरासा हिंदकळला.

बसलात एकदाचे.